रात्रीचे दोन वाटसरू

बंड म्हटले की उगारलेली मूठ डोळ्यांसमोर येते. बायबलमधले माणसाचे देवाविरुद्धचे बंड मात्र मला वेगळे वाटते. तिथे माणूस गर्जना करीत नाही, तो लपतो. 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात आदाम आणि हव्वा मना केलेले फळ खातात आणि देवाची चाहूल लागताच झाडांआड दडतात.

याच पुस्तकात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो, सूर्य-चंद्र मात्र चौथ्या दिवशी. म्हणजे हा प्रकाश नुसता डोळ्यांना दिसणारा उजेड नव्हे, हे वाचकाला सुरुवातीलाच सुचवलेले असते.

योहानाच्या शुभवर्तमानात या प्रतीकाचा अर्थ दोन माणसांमधून उलगडतो. पहिला निकदेम. यहुद्यांच्या धर्मसभेतला हा मोठा माणूस येशूकडे येतो तो रात्री. पुढे सभेत येशूविरुद्ध बोलणे चालू असताना, ऐकून घेतल्याशिवाय कोणाला दोषी ठरवता येते का, एवढेच तो विचारतो आणि टोमणा खातो. शेवटी येशूला क्रुसावर मारल्यानंतर तो दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो. आजच्या मापाने तीसेक किलो. गुन्हेगार ठरलेल्याच्या प्रेताशी आपले नाव जोडले जाईल, याची त्याला आता पर्वा नसते.

दुसरा यहूदा इस्कार्योत. हा तर बारा शिष्यांपैकी एक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटच्या भोजनात येशूच्या हातून घास घेऊन तो बाहेर पडतो आणि योहान मुद्दाम नोंदवतो, की तेव्हा रात्र होती. थोड्याच वेळात तो शिपायांना घेऊन परततो, तेव्हा त्यांच्या हातांत कंदील आणि मशाली असतात. ज्याला जगाचा प्रकाश म्हटले, त्याला शोधायला मशाली!

रात्र दोघांच्याही वाट्याला आली. एक तिच्यातून चाचपडत उजेडाकडे आला, दुसरा उजेडातून उठून तिच्यात गेला. फरक काळोखाचा नव्हता, तोंड कोणत्या दिशेला होते याचा होता.

आपल्यालाही पुष्कळदा दिवा नकोसा होतो. तो डोळ्यांना खुपतो म्हणून नव्हे, त्यात आपले काय दिसेल या भीतीने. एखादा हिशेब, एखादे खोटे, घरातल्या कोणावर केलेला अन्याय आपण झाकून ठेवतो. झाडांआड लपलेल्या त्या पहिल्या माणसाला देवाने आधी जाब विचारला नाही. तो कुठे आहे, एवढेच विचारले. त्या प्रश्नाला ओ देणे, हीच मला उजेडाकडची पहिली पायरी वाटते.