पोटांतले बिऱ्हाडकरू आणि हाडांची बळकटी

शिरूर घोडनदीच्या कांठीं वसलें आहे आणि दौंड भीमेच्या. एकाची ओळख बाजारपेठेची, दुसऱ्याची रेल्वेच्या जंक्शनची. परंतु दोन्ही तालुक्यांतील घरांत एक प्रसंग सारखाच घडतो. साठी उलटलेली बाई पहांटे उठते, न्हाणीच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरतो, आणि एवढ्याशा पडण्यानें मांडीचें हाड खुब्याशीं मोडतें. घरचे म्हणतात, "फरशी ओली होती." शेजारी म्हणतात, "वय झालें." दोन्ही उत्तरें खरीं, पण अपुरीं. फरशी त्या दिवशीं ओली होती. हाड मात्र कित्येक वर्षें झिजत आलें होतें. तें कोणाच्या हुकुमानें झिजलें हें पाहूं गेल्यास उत्तर हाडांत थोडें, आणि रक्तांत व पोटांत अधिक सांपडतें.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यांत दोन तऱ्हेच्या पेशी अखंड काम करीत असतात. एका जातीच्या पेशी जुनें हाड पोखरून काढतात; दुसऱ्या जातीच्या त्या जागीं नवें हाड बांधतात. तरुणपणीं बांधणारांचें काम वरचढ असतें. तिशीच्या सुमारास हाडांची पुंजी शिगेला पोंचते, आणि पुढें खर्च जमेपेक्षां हळूहळू वाढूं लागतो. शरीरांतील कॅल्शियमचे शंभर भाग मानले, तर नव्याण्णव भाग हाडांत व दांतांत असतात. उरलेला एक भाग लहान दिसला तरी हृदयाचे ठोके आणि स्नायूंच्या हालचाली त्यावरच चालतात. म्हणून रक्तांतील कॅल्शियम घटूं लागतांच गळ्यांतील चार चिमुकल्या ग्रंथि आपला स्राव सोडतात, आणि हाडांच्या पेढीवरून उचल होते. पेढी मोठी असते. पण भरणा न करतां रोज उचल होत राहिली, तर कोणती पेढी टिकेल?

हा हुकूम सोडणाऱ्या रसांना अंतःस्राव म्हणतात. संप्रेरकें किंवा हार्मोन्स हीं त्यांचींच नांवें. डी जीवनसत्त्व हेंहि त्यांच्याच जातीचें आहे. तें उन्हानें कातडींत तयार होतें, यकृतांत व मूत्रपिंडांत त्याचें रूप पालटतें, आणि मग अन्नांतील कॅल्शियम रक्तांत घेण्याची आज्ञा तें आतड्याला देतें. स्त्रियांच्या बाबतींत सर्वांत मोठा अधिकार बीजकोशांतून येणाऱ्या इस्ट्रोजेनचा. हाड पोखरणाऱ्या पेशींना तें आवर घालतें. ऋतुनिवृत्तीनंतर हा आवर सुटतो, आणि पहिल्या कांहीं वर्षांत हाडांची झीज फार वेगानें होते. पुरुषांतहि झीज होते, पण बहुधा सावकाश.

येथें एका कटु गोष्टीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. ऊसतोडीच्या हंगामांत दौंड-शिरूरच्या फडांवर मराठवाड्यांतून टोळ्या येतात. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांपैकीं हजारों जणींचीं गर्भाशयें ऐन तारुण्यांत काढून टाकलीं गेल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें, आणि राज्य सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. गर्भाशयाबरोबर बीजकोशहि गेले, तर जी ऋतुनिवृत्ति पन्नाशीच्या सुमारास यावयाची ती एका दिवसांत येते. मोळी वाहण्याचें काम मात्र सुटत नाहीं. पस्तिशींतल्या बाईच्या हाडांवर साठीची झीज लादणें ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या कागदावर कोठेंच लिहिलेली नसते.

आतां पोटांतल्या बिऱ्हाडकरूंकडे वळूं. मोठ्या आतड्यांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. जंतु म्हटलें कीं रोग आठवतो. परंतु यांतील बहुतेक निरुपद्रवी, आणि कित्येक उपकारक आहेत. धान्याचा कोंडा, कडधान्याचीं सालें, पालेभाजीचे तंतु हें जें आपणांस पचत नाहीं, तेंच त्यांचें अन्न. तें आंबवून ते ब्यूटिरेटसारखीं सौम्य अम्लें तयार करतात. हीं अम्लें भाड्यासारखीं घरधन्याच्या कामीं येतात. त्यांनीं आतड्याच्या अस्तराचें पोषण होतें, कॅल्शियम विरघळून रक्तांत जाण्यास मदत होते, आणि शरीराचें संरक्षक दल उगाच खवळत नाहीं. वयाबरोबर हे बिऱ्हाडकरू बदलतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतील संशोधकांनीं २०१२ सालीं एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांची तपासणी केली, तेव्हां एकाच घरांत राहूनहि पिढीगणिक जंतूंचें प्रमाण निराळें आढळलें.

हे जंतु आणि संप्रेरकें यांचा संबंध कसा जुळतो तें उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथें २०१२ सालीं असें दिसलें कीं, जन्मापासून जंतुरहित वाढविलेल्या उंदरांत हाड पोखरणाऱ्या पेशी कमी असतात. अमेरिकेंत अटलांटा येथें २०१६ सालीं त्याचें मर्म पुढें आलें. इस्ट्रोजेन आतड्याची भिंतहि घट्ट राखतें. तें ओसरलें कीं भिंतींत फटी पडतात, जंतूंचे अंश आंत झिरपतात, संरक्षक दल खवळतें, आणि त्याच्या हांकेसरशीं हाड पोखरणाऱ्या पेशी चेततात. जंतुरहित उंदरांत इस्ट्रोजेन कमी करूनहि ही झीज झाली नाहीं. म्हणजे संप्रेरकाचा हुकूम कांहीं अंशीं पोटाच्या वाटेनें हाडांपर्यंत पोंचतो.

परंतु उंदरावरून माणसावर एकदम उडी मारतां येत नाहीं. स्वीडनमध्यें पंचाहत्तरी उलटलेल्या नव्वद स्त्रियांवर प्रयोग झाला, व त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. एका उपकारक जंतूची पूड वर्षभर घेणाऱ्यांच्या नडगीची झीज कमी झाली. आशा वाढली. मग ऋतुनिवृत्ति नुकतीच झालेल्या दोनशेंहून अधिक स्त्रियांना तोच जंतु दोन वर्षें देऊन पाहिला. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निकालांत कांहींच लाभ दिसला नाहीं. तेव्हां हाडें बळकट करणाऱ्या जंतूंचे डबे कोणी विकूं लागला, तर त्याच्या जाहिरातीचा शब्द शास्त्राच्या शब्दाहून मोठा आहे असें समजावें.

याउलट, शिरूर तालुक्यांतील पाबळ, केंदूर वगैरे सहा गांवांत मिळालेला पुरावा साध्या अन्नाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं तेथें गरोदर स्त्रियांच्या आहाराची पाहणी सुरू केली. त्यांचीं मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर जवळजवळ सातशें मुलांच्या हाडांची घनता मोजली गेली, आणि २००६ सालीं निष्कर्ष छापले गेले. ज्या मातांच्या खाण्यांत गरोदरपणीं दूध, डाळी, पालेभाज्या, फळें असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांचीं हाडें अधिक भरीव निघालीं. ज्यांच्या रक्तांत फोलेट हें जीवनसत्त्व अधिक होतें, त्यांच्या मुलांचा कणाहि अधिक घन आढळला. आईवडिलांच्या अंगकाठीचा हिशेब वजा करूनहि हा फरक उरला. थोडक्यांत, साठाव्या वर्षीं मोडणाऱ्या हाडाची पहिली जमा आईच्या ताटांत पडलेली असते.

मग घरानें करावें काय? कॅल्शियमची रोजची गरज प्रौढांना एक हजार मिलिग्रॅम व ऋतुनिवृत्तीनंतर बाराशें, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. दूध-ताक, नाचणी, तीळ यांनीं हा भरणा होतो. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठांत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पोटांतल्या बिऱ्हाडकरूंना बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगे हें सर्व मानवतें. चहाबरोबरच्या टोस्टनें व खारीनें भाकरीची जागा घेतली, तर त्यांची उपासमार होते. कोवळ्या उन्हांत डी जीवनसत्त्व फारसें बनत नाहीं. सूर्य वर आल्यावर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर असावें. मात्र डी जीवनसत्त्वाच्या पुड्या डॉक्टरांना विचारल्यावांचून घेऊं नयेत. चालणें, चढणें, वजन उचलणें यांनीं हाड बांधणाऱ्या पेशींना काम मिळतें.

याहि पलीकडे एक गोष्ट आहे. किरकोळ पडण्यानें ज्या स्त्रीचें मनगट मोडलें, जिची पाळी चाळिशीच्या आंत बंद झाली, किंवा जी दम्यासाठीं वा संधिवातासाठीं दीर्घकाळ स्टेरॉइड घेत आहे, तिच्या हाडांची घनता मोजून घ्यावी. झीज थांबविणारीं औषधें आज उपलब्ध आहेत. पण तीं खुबा मोडण्यापूर्वीं सुरू केलीं तर अधिक उपयोगाचीं.

आपल्या घरांत सर्वांचें वाढून झाल्यावर जी शेवटीं जेवते, तिच्या वाट्याला बहुधा दूध संपलेलें असतें. उसळ तळाशीं गेलेली असते. तिच्या ताटाकडे एकदां पाहावें. लेकीच्या ताटाकडे तर रोज पाहावें. न्हाणीची फरशी पुसून कोरडी ठेवणें चांगलेंच. पण हाडांची राखण स्वयंपाकघरापासून आणि कित्येक वर्षें आधीं सुरू करावी लागते.