गावचा बँड आणि गावचे कान



बँड हा शब्द उच्चारला की आपल्या गावात डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे आम्हांला ठाऊक आहे. लाल कोट, पितळी कर्णे, मागे ढोल, पुढे घोडीवर नवरदेव आणि त्याच्याही पुढे नाचणारे मित्रमंडळ. आज ज्या बँडविषयी बोलायचे आहे तो हा नव्हे. चारपाच तरुण, दोनतीन विजेच्या गिटारी, ड्रमचा एक संच आणि गाणारा एक गळा, एवढ्यावर ज्याचा संसार चालतो तो रॉक बँड आज आपला विषय आहे. पण दोहोंत एक साम्य आहे, ते आरंभीच सांगून ठेवतो. वरातीचा बँड वरातीवाचून वाजत नाही, आणि रॉकचा बँड गावावाचून उभा राहत नाही.

आमचे म्हणणे असे की असा बँड तालमीच्या खोलीत जमतो खरा, पण घडतो तो गावातल्या पहिल्या शेदोनशे श्रोत्यांपुढे. ज्यांनी त्याला कच्चा असताना ऐकले, चुकला तेव्हा हसले आणि दुसऱ्या आठवड्याला पुन्हा आले, त्यांचा त्या संगीतात वाटा असतो. हा वाटा कोणत्या कागदावर लिहिलेला नसतो. म्हणूनच तो नाकारणे सोपे असते, आणि म्हणूनच त्याविषयी जाहीरपणे बोलणे भाग आहे.

या शास्त्राचे जगप्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहराचे आहे. लिव्हरपूल हे बंदर. राजधानी लंडनपासून ते साधारण तितकेच दूर, जितके आपले गाव मुंबईपासून. तेथे मॅथ्यू स्ट्रीट नावाच्या गल्लीत कॅव्हर्न नावाचे एक तळघर होते. 1957 साली ते जॅझसाठी उघडले. विटांच्या कमानी, कोंदट हवा आणि भिंतींवरून ओघळणारा घाम, असे त्याचे वैभव! 1961 च्या फेब्रुवारीपासून 1963 च्या ऑगस्टपर्यंत बीटल्स या बँडने त्या तळघरात जवळजवळ तीनशे वेळा वादन केले. त्यांतले कित्येक कार्यक्रम दुपारच्या जेवणाच्या सुटीतले होते. कचेऱ्यांतल्या आणि दुकानांतल्या मुली डबा घेऊन येत, तासभर ऐकत आणि कामावर परत जात. त्यांना कोणते गाणे जमले आहे आणि कोणते ओढूनताणून वाजवले जात आहे हे बरोबर कळे, आणि त्या ते तोंडावर सांगत. याहून कडक गुरुकुल आम्हांला तरी माहीत नाही.

आणि हे चार जण एकटे नव्हते. त्या काळी त्या शहरात असे बँड शेकड्यांनी मोजावेत इतके होते. बिल हॅरी नावाच्या तरुणाने 1961 साली केवळ त्यांच्या बातम्यांसाठी मर्सी बीट नावाचे पत्र काढले. कोण कोठे वाजवणार, कोणाचा ड्रमवाला कोणाकडे गेला, कोणाला गावाने डोक्यावर घेतले, हे त्यात येई. म्हणजे गावात जागा होती, ऐकणारे होते, चढाओढ होती आणि तिची नोंद ठेवणारा माणूसही होता. या चार गोष्टी एकत्र आल्या की गुण उगवतो. त्यांतली एक जरी नसली तरी तो दुसऱ्या गावी जाऊन उगवतो.

आता या नात्याची दुसरी बाजू पाहा. 1962 च्या ऑगस्टमध्ये बीटल्सनी आपला जुना ड्रमवाला पीट बेस्ट यास काढले आणि रिंगो स्टार यास घेतले. गाव खवळले. कॅव्हर्नमध्ये निषेधाच्या घोषणा झाल्या आणि धक्काबुक्कीत जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. मारामारीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्या रागामागची भावना समजून घेतली पाहिजे. बँड आपला आहे, त्यात आपल्याला विचारल्यावाचून बदल कसा होतो, असे त्या पोरांना वाटत होते. कलावंताला स्वतःचा निर्णय घेण्याचा अधिकार आहे, आणि संगीताच्या दृष्टीने तो निर्णय योग्य ठरला असेच बहुतेकांचे मत आहे. पण ज्या गावाला आपल्या बँडचा राग येत नाही, त्या गावाचे त्याच्यावर प्रेमही नसते.

पुढे कीर्ती आली आणि बँड लंडनला गेला. 10 जुलै 1964 रोजी आपल्या चित्रपटाच्या खेळासाठी ते लिव्हरपूलला परतले तेव्हा ते धास्तावलेले होते. गाव आपल्यावर नाराज आहे असे त्यांच्या कानी आले होते. प्रत्यक्षात रस्त्याच्या दुतर्फा दोन लाखांच्या आसपास माणसे उभी होती! गावाने क्षमा केली होती असे म्हणावे, तर मुळात खटलाच मागे घेतला होता. पुढे 1967 साली त्यांनी पेनी लेन हे गाणे काढले. पेनी लेन हा त्यांच्या लहानपणच्या येण्याजाण्यातला एक साधा रस्ता आहे. लंडनला राहून, जगभर फिरून, शेवटी गायचे काय, तर गावातला रस्ता! गावाचे ऋण असे फिटते. आणि गावाने काय केले? 1973 साली कॅव्हर्न बंद झाले आणि जागा पाडली गेली. पुढे चूक उमगली, तेव्हा 1984 साली त्याच गल्लीत नवे कॅव्हर्न बांधण्यात आले. पाडणे सोपे, पण पुन्हा बांधताना विटा मिळतात, घाम मिळत नाही.

हे परक्या मुलखाचे झाले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईचा अनुभव याच जातीचा आहे. 1970 च्या सुमारास सिमला बीट नावाच्या स्पर्धेने देशभरातले बँड एकत्र आणले. 1984 साली मुंबईत रॉक मशीन हा बँड निघाला. त्या काळी ऐकणाऱ्यांची मागणी एकच असे, परदेशी गाणी हुबेहूब वाजवा. नक्कल उतरली तर टाळ्या आणि स्वतःचे गाणे काढले तर चुळबुळ. या बँडने हळूहळू श्रोत्यांना स्वतःच्या गाण्यांकडे वळवले आणि 1988 साली स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. 1993 साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड असे ठेवले, म्हणजे नावात सिंधू आली. 1997 साली बँड मोडला आणि 2010 साली पुन्हा जमला. तेरा वर्षांनी परतलेल्या बँडला ऐकायला माणसे येतात, ती कोणत्या बळावर? जुन्या श्रोत्यांच्या स्मरणावर!

त्या श्रोत्यांचे माहेर म्हणजे धोबीतलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा मेळा तेथे भरू लागला. महाविद्यालयीन मुले लोकलने येत, थोडक्या पैशांत दिवसभर ऐकत आणि नव्या बँडची परीक्षा घेत. परंतु आसपास रुग्णालये आणि महाविद्यालये असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात आला. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रंगभवनातला तो आवाज थांबला. नियम चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. रुग्णाला झोप हवीच. पण पर्यायी जागा वेळेवर दिली गेली नाही. मेळा दुसऱ्या मैदानांवर गेला, तरी ते माहेरपण काही परत आले नाही.

आता आपण घरी येऊ. तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आपल्या छत्रपती संभाजीनगराशी संबंध काय? संबंध फार जुना आहे. येथून जवळच देवगिरीला, तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. दिवसा राज्याचा हिशेब पाहणाऱ्या या गृहस्थाने संगीतरत्नाकर लिहिला. त्याचा आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेला. म्हणजे बाहेरून आलेल्या घराण्याला या भूमीने थारा दिला, आणि त्या घराण्याने साऱ्या हिंदुस्थानच्या संगीताला ग्रंथ दिला. त्याच देवगिरीचा गोपाल नायक पुढे दिल्लीला गेला, असे परंपरा सांगते. खुलदाबादेत चिरविश्रांती घेणारे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांना समाची, म्हणजे भक्तिसंगीताच्या श्रवणाची, विलक्षण ओढ होती. पुढे औरंगाबादचा वली दखनी याचा दिवाण 1720 च्या सुमारास दिल्लीला पोचला आणि तेथल्या कवींनी कान टवकारले, असे उर्दू वाङ्मयाचे इतिहासकार लिहितात. गुण येथे निर्माण होणे आणि दिल्लीने त्याचे नाव करणे, ही आपल्या गावाची सातशे वर्षांची रीत दिसते!

अलीकडची परंपरा याहून जिवंत आहे. 1950 साली येथे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि आंबेडकरी चळवळीचे हे एक मोठे केंद्र बनले. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत जी गाण्याची धारा वाहिली, तिला या गावात कायमचा श्रोता मिळाला. 1994 साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हापासून दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या दरवाजापाशी जनसागर लोटतो आणि ठिकठिकाणी गायनाचे फड रंगतात. तेथल्या श्रोत्याचे आणि गायकाचे नाते पाहा. श्रोता चिठ्ठी पाठवून फर्माईश करतो, आवडले तर नोट काढतो, शब्द चुकला तर खालून दुरुस्त करतो. कॅव्हर्नमधल्या मुलींहून हा श्रोता कोणत्या बाबतीत उणा आहे? याच धारेतून मुंबईत कबीर शाक्य यांचा धम्म विंग्ज हा बँड निघाला, आणि बुद्ध-आंबेडकरांचा विचार गिटार-ड्रमवर गाऊ लागला. तेव्हा रॉक आपल्या मातीत रुजणार नाही, असे आता कोणी म्हणू नये.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हा गोंगाट आहे आणि परकाही आहे. परकेपणाचे उत्तर सोपे आहे. हार्मोनियम परकी म्हणून 1940 साली रेडिओने तिला बाहेर काढले, आणि सुमारे तीन दशके ती बाहेर राहिली. त्या काळातही घरोघरच्या भजनात ती सुखाने वाजत होती. गोंगाटाचे म्हणाल, तर मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आपण खपवून घेतो. तेथे वाजवणारा माणूस नसतो, ऐकणाऱ्याला पर्यायही नसतो. बंद दाराच्या सभागृहात, रात्री दहाच्या आत, तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे चार मुले स्वतःचे गाणे वाजवतात, त्याला गोंगाट म्हणणे न्यायाचे नाही.

मग अडते कोठे? आपल्या महाविद्यालयांत गिटार वाजवणारी मुले आहेत. युवक महोत्सवांत पाश्चात्त्य समूहगायनाला स्थान आहे. पण स्नेहसंमेलन संपले की त्या मुलांना वाजवायला जागा कोणती? हजार खुर्च्यांचे नाट्यगृह नवशिक्याला परवडत नाही, आणि उपाहारगृहात वाजवायचे तर तेथे फर्माईश होते चालू चित्रपटगीताची. तीन वर्षे अशी गेली की ती मुले पुण्याची किंवा मुंबईची गाडी धरतात. नोकरीसाठी मुले जातात ते आपल्याला समजते. पण गाण्यासाठी मूल जाते तेव्हा ते गावाचा आवाज बरोबर घेऊन जाते, आणि परमुलखात तो आवाज वापरायला लाजते. गुलमंडीची गर्दी, वाळूजची रात्रपाळी, नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात गेलेले बालपण, हे कोणाच्या गाण्यात येणार? लिव्हरपूलच्या मुलांना पेनी लेनची लाज वाटली नाही; कारण पेनी लेनवरच्या माणसांनी त्यांना आधी ऐकले होते.

तेव्हा गावाने काय करावे, ते थोडक्यात सांगतो. शंभर माणसे बसतील अशी एक खोली द्यावी. ती आठवड्यातून एक संध्याकाळ नेमाने उघडी असावी. नेम महत्त्वाचा, कारण मोठा महोत्सव वर्षातून एकदा दिवाळी करतो, पण पोट भरते रोजच्या भाकरीने. तिकीट ठेवावे, आणि ओळखीवर फुकट बसू नये. फर्माईश करायचीच तर, तुमचे स्वतःचे गाणे वाजवा, ही करावी. आवडले नाही तर तसे सांगावे, परंतु पुढच्या आठवड्याला पुन्हा यावे.

आणि बँडने काय करावे? गावाला सवलतीचा श्रोता समजू नये. जी तालीम मुंबईसाठी करायची तीच येथेही करावी. आपल्या मागून येणाऱ्या बँडला मंचाचा अर्धा तास द्यावा. मोठे झाल्यावर वर्षातून एकदा त्याच खोलीत येऊन वाजवावे. आणि गावच्या बोलीची, तिच्यातल्या मराठी-दखनी मिसळीची, लाज सोडावी.

आपल्या गावाने दिल्लीला गवई दिले, कवी दिले. एखादा बँड तरी आधी आपण ऐकावा आणि मग दिल्लीला द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. येथे बसलेल्या मंडळींपैकी कोणाच्या घरी वरच्या मजल्यावर गिटार वाजत असेल, तर आज रात्री दार लावून घ्या म्हणण्याऐवजी दहा मिनिटे जिन्यात बसून ती ऐकावी. सुरुवात तेवढ्यानेही होते.