साथ येण्याआधीची वही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



साथीचा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांना कोरोना होऊन गेलेला निघाला, बाहेरच्या इमारतींत १६ जणांना. जंतू तोच. पण एका खोलीत सात माणसं आणि संडास सगळ्या वस्तीत मिळून, तिथे अंतर ठेवायचं कसं?

२४ मार्च २०२० च्या रात्री घरात बसायचा हुकूम आला, चार तासांच्या मुदतीने. हातावर पोट असणारे पायी गावाकडे निघाले. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली गेले. त्यांना रोगाने मारलं नाही. मजुरी, धान्य आणि गाडी यांचा विचार हुकूम काढण्याआधी झाला नव्हता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी सरकारने साथीचा कायदा केला. त्यात माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती, त्याच्या घरच्या चुलीची नव्हती. त्याच प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः गेल्या. आपण माईंचा त्याग सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण पोराला पाठीवर न्यावं लागलं, कारण त्या वस्तीसाठी गाडीची सोयच कोणी केलेली नव्हती, हेही सांगा.

गिरणीत आग लागल्यावर कोणी वाळू शोधायला जात नसे. बादल्या आधीच भरून टांगलेल्या असत. धारावीत २०२० साली पालिकेची माणसं घरोघर तपासणीला गेली, शाळांत अलग राहायची आणि जेवणाची सोय केली, तेव्हा साथ आवरली. पण तेही साथ आल्यावर.

आपण विहारात एक वही ठेवू. एकटी म्हातारी माणसं कोण, रोजंदारीवर कोण, कोणाची टीबीची गोळी चुकता कामा नये. (ही नावं चावडीवर वाचायची नाहीत.) रेशनकार्डाचं आधी बघा. २०२० ला फुकट धान्य मुख्यतः कार्डावर मिळालं; कार्ड गावाला, तर अनेकांचं धान्यही गावाला. आता कार्ड कुठेही चालतं, पण आधार जोडलेलं लागतं. ज्यांचं राहिलं आहे, त्यांना घेऊन रेशन ऑफिसात जाऊ. संडासाच्या पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज आत्ताच करू.

वही महिला मंडळाच्या कपाटात राहील. येत्या रविवारी वंदनेनंतर पहिल्या चाळीपासून सुरुवात. शाळा-कॉलेजच्या मुलांनी पेन घेऊन यावं. जयभीम!