कानातली शर्यत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘अमेरिकेतल्या आयुष्याबद्दल पाच मिनिटं बोल,’ असं संयोजकांनी सांगितलंय. नोकरी, घर, मुलं यांत सांगण्यासारखं नवीन काही नाही. तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं तिकडेच आहेत! म्हणून माझ्या एका वेडाबद्दल बोलतो.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळ राहतो. नॅसकारच्या मोटारशर्यतीतले बहुतेक संघ याच भागातले. मे अखेरीस इथे 600 मैलांची शर्यत असते. दीड मैलाचा ट्रॅक, 400 फेऱ्या. संध्याकाळी सुरू होते ती रात्री दिव्यांच्या उजेडात संपते. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या तासात कंटाळलो. घाण्याच्या बैलासारख्या गाड्या गोल गोल फिरतायत, आवाजाने छाती हादरतेय, आणि पुढे कोण, मागे कोण, काही पत्ता नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना माझी दया आली असावी. त्यांनी एक जाडजूड हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

आणि शर्यत सुरू झाली!

त्यांच्या कमरेला स्कॅनर होता. प्रत्येक गाडीतला चालक आपल्या संघाशी रेडिओवर बोलत असतो आणि ते बोलणं कोणालाही ऐकता येतं. चोरून नाही, राजरोस. स्कॅनर ट्रॅकवर भाड्याने मिळतो. गाडीचा क्रमांक लावायचा की त्या चालकाचा आवाज तुमच्या कानात. तो कुरकुरतो, ‘गाडी लूज आहे,’ म्हणजे वळणावर मागची चाकं घसरतायत. ‘टाइट आहे,’ म्हणजे पुढची वळायला तयार नाहीत. क्रू चीफ, म्हणजे संघाचा मुख्य, त्याला धीर देतो, चार टायर बदलायचे की दोनच, ते ठरवतो. प्रतिस्पर्धीही ऐकत असतात, म्हणून कधी कधी हुकूम असा येतो: ‘पुढचा करेल त्याच्या उलट कर.’ आपल्या मराठी घरांतही हा हुकूम चालतो म्हणा.

पण मला वेड लावलं ते तिसऱ्या आवाजाने. त्याला स्पॉटर म्हणतात. तो प्रेक्षागाराच्या माथ्यावर उभा असतो. फेब्रुवारी 2001मध्ये डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला डेल अर्नहार्ट गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॅसकारने डोकं-मान जखडून ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं. जीव वाचतो, पण मान वळत नाही. शेजारी गाडी आहे की नाही, हे चालकाला नीट दिसत नाही. वरचा माणूस सांगतो, ‘आत आहे... अजून आहे... अजून... क्लिअर!’ त्या एका शब्दावर हा गाडी वळवतो. ताशी अडीचशे किलोमीटर धरले तरी सेकंदाला सत्तर मीटर होतात.

एकदा मी ऐकत असताना स्पॉटर ‘क्लिअर’ म्हणाला आणि ते खरं नव्हतं. गाडी भिंतीवर गेली. क्रू चीफ विचारतोय, ‘ठीक आहेस ना? बोल.’ कानात नुसती खरखर. पुन्हा, ‘बोल रे.’ शेवटी उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ मग वरून आवाज आला, ‘चूक माझी होती.’ स्कॅनर लावलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

त्या रात्री घरी जाताना मला आपला आठवीचा वर्ग आठवला. खिडकीकडचा तिसरा बाक. माझा जोडीदार दर दोन मिनिटांनी कुजबुजायचा, ‘काय लिहिलंय रे?’ आणि मी फळा वाचून दाखवायचो. चाचणीचे प्रश्नसुद्धा. फळा सगळ्यांनाच असा धूसर दिसतो, असं त्याला वाटायचं. नववीत माझी तुकडी बदलली. मी खुशीत गेलो. त्याच्या वह्या अपुऱ्या राहू लागल्या, छड्या बसल्या, सहामाहीत गणित गेलं, वर्षअखेरीस वर्षही गेलं. कारण मला एकट्याला माहीत होतं. पण सांगितलं तर ‘मग चाचणीत तूच सांगत होतास ना?’ असं विचारतील, या भीतीने मी गप्प बसलो. पुढच्या वर्षी नेत्रशिबिरात त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला. तोवर आमची बॅच पुढे निघून गेली होती.

सर, वह्या अपुऱ्या राहिल्या त्या आळसाने नव्हे. त्याला दिसत नव्हतं.

तो आज चौथ्या रांगेत बसलाय. आपल्या बॅचबरोबर दहावी झाला नाही, म्हणून यायला तयार नव्हता, असं कळलं. सकाळी चहाला भेटला तेव्हा मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मित्रा, तेव्हा बोलायला हवं होतं. चूक माझी होती.

मे महिन्यात ये. माझ्या स्कॅनरला दोन हेडफोन लागतात.