जुनी ओम्नी दुरुस्त करावी का?

शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांसाठी आपण गटातून कर्ज देतो. आता आणखी एक मागणी कानावर येते. दारात उभी असलेली जुनी ओम्नी दुरुस्त करायची आणि पापड-मसाले घेऊन बाजार करायचे. गाडी घरचीच, म्हणजे स्वस्तात पडेल असं वाटतं. दरवेळी पडत नाही.

गॅरेजवाला आधी इंजिनाबद्दल बोलेल. तुम्ही आधी पत्रा बघा. ओम्नी २०१९ साली बनायची बंद झाली, पण तिचं ७९६ सीसीचं इंजिन मारुती ८०० लाही होतं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. इंजिन खर्च करून नीट होतं. पत्र्याचं तसं नाही. ओम्नीला जीपसारखी वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीवरच. तळाचा पत्रा कुजला की गाडीचा कणाच गेला. आतलं मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या वरच्या बाजूला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुटी भरलेली आहे. कोकणातल्या बायांनी तर हे नक्की करावं, खारी हवा पत्रा खाते. जागोजागी पुटी निघाली तर मी म्हणेन, तिथंच थांबा.

मग कागद. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं आरटीओत पासिंग करून ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ पासून मोटारीला त्याची फी ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे वेगळं. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. तेव्हा "जाता-येता चार सीटा भरू" ही कमाई हिशेबात धरूच नका.

आता हिशेब. समजा, दुरुस्ती आणि कागद मिळून ७५,००० लागले. आज टेम्पोला एका खेपेचे ६०० देता, स्वतःच्या गाडीला २५० चं पेट्रोल लागेल. खेपेमागे ३५० वाचले. महिन्याला ८ खेपा असतील तर २,८०० होतात. त्यातले ८०० टायर, ऑइल, विमा यांसाठी बाजूला काढा. राहिले २,०००. म्हणजे ७५,००० फिटायला तीन वर्षांच्या वर, व्याज सोडून. जमण्यासारखं आहे. पण खेपा चारच असतील तर हातात ६०० राहतात आणि तेच पैसे फिटायला दहा वर्षं जातात! गाडी तीच, गॅरेजही तेच. तुम्ही बाजार किती करता, यावर सगळं आहे. म्हणून आपल्या वहीतल्या मागच्या सहा महिन्यांच्या खेपा मोजा, पुढं वाढतील त्या नकोत.

कुणी म्हणेल, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली गाडी आहे, मोडवत नाही. हौस असावी. पण मग कर्जाच्या अर्जावर "व्यवसायासाठी" असं लिहू नये.

आणखी एक, बैठकीत विचारायला संकोच वाटतो ते. हप्ता बाईच्या नावावर आणि गाडी दिराच्या नावावर, असं का? आरसी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. मयत सासऱ्यांच्या नावावर असेल तर पहिला खर्च नाव बदलण्याचा, गॅरेजचा नंतर. जिनं हप्ते भरायचे तिचं नाव आरसीवर येणार असेल तरच गटानं ठराव करावा, असं माझं मत आहे.

आणि गाडी मोडायचीच ठरली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. तिथं मिळालेल्या प्रमाणपत्रावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळते. आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या आणि गटाच्या कपाटात ठेवा.