रस्त्यावरची ज्वारी आणि पाखरांचा थवा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



आज हप्त्याचं नाही, जरा वेगळं बोलायचंय. मागच्या बैठकीला येताना डांबरी रस्त्यावर अर्ध्या भागात ज्वारी वाळत घातलेली दिसली. कडेनं दगड लावलेले, वर चिमण्या-होल्यांचा मोठा थवा. समोरून जीप आली आणि थवा एकदम माझ्या स्कुटीवर उडाला. ब्रेक दाबला, तर गाडी दाण्यांवरून घसरली. गुडघ्यावर निभावलं. पण रस्त्यावर सात पाखरं पडली होती. एक होला अजून पंख फडफडवत होता. राखणीला बसलेल्या मावशी म्हणाल्या, "रोजचंच आहे बाई. पंख असून यांना उडता कसं येईना?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग वाचलं, जाणकारांना विचारलं.

पाखरं गाडी किती लांब आहे ते बघून उडतात. ती किती वेगात येतेय, हे त्यांना नीट उमगत नाही. बैलगाडी असेल तर भरपूर वेळ मिळतो, भरधाव जीप असेल तर मिळत नाही. त्यात थवा असला की प्रत्येक जण एकमेकांच्या भरवशावर खाली मान घालून टिपतो. एक उडाला की सगळे उडतात. मागचे राहतात ते उशिरा, खालूनच, पुढच्यांच्या मागे रस्ता ओलांडतात आणि गाडीवर आदळतात. वाचलेले पुन्हा दाण्यावर येतात, कारण चाकाखाली भरडलेली ज्वारी टिपायला सोपी. आपण ज्वारी गोळा करून नेली तरी खडीच्या फटीत दाणे राहतातच.

म्हणजे चूक पाखरांची नाही. आणि आपलीही एकटीची नाही. पूर्वी खळी असायची. आता मळणी यंत्रावर होते, खळी मोडली, अंगणं आखडली. मग बाईनं धान्य वाळवायचं कुठं? म्हणून आपण रस्त्यावर बसतो, लेकरं शेजारी खेळतात, गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. जे पाखरांचं झालं, ते आपल्या लेकरांचंही होऊ शकतं.

आणि हे दिवस चिमण्यांच्या पिल्लांचे. चिमणी पिल्लांना अळ्या-किडे भरवते, म्हणजे आपल्याच पिकावरची कीड वेचते. ती रस्त्यावर मेली, तर घरट्यातली पिल्लंही उपाशी मरू शकतात.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, गटांनी मिळून मोठ्या ताडपत्र्या घ्यायच्या आणि पाळीपाळीनं वापरायच्या. शाळेला सुट्टी असेल तेव्हा पटांगण मागू, समाजमंदिराचा ओटा मागू. दोन, नाइलाजानं रस्त्यावर घातलंच, तर उचलल्यावर जागा खराट्यानं स्वच्छ झाडायची. पोत्याची तोंडं घट्ट शिवायची, म्हणजे ट्रॉलीतून दाणे सांडणार नाहीत. तीन, ग्रामपंचायत विकास आराखड्यात सार्वजनिक खळ्याची मागणी ग्रामसंघाच्या ठरावानं द्यायची.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतली एक मोकळी जागा बघून यावी. त्या मावशींनाही मी निरोप दिलाय, त्या येणार आहेत.