राजाचें नांव कोण लिहितो?



आम्ही खेड्यांतले मास्तर. इतिहास शिकवितांना ध्यानांत आलेली एक गोष्ट आज तुमच्यापुढें मांडतों.

जर्मन मुलखांतला राजा फ्रीडरिख इंग्रजी बुकांत फ्रेडरिक होतो. विल्हेल्मचा विल्यम होतो. रिवाजच तसा. पण १८८८ सालीं गादीवर आलेला दुसरा विल्हेल्म पाहा. हा व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीचा मुलगा. १९०१ सालीं आजी वारली, तेव्हां तो तिच्या उशाशीं होता. १९१४ सालीं इंग्लंडशीं युद्ध जुंपलें आणि इंग्रजांच्या तोंडीं तो नुसता 'कैसर' झाला. जणूं तें एखाद्या राक्षसाचें नांव! वास्तविक कैसर म्हणजे बादशहा. मूळ शब्द रोमच्या सीझरचा. आणि १८७७ सालीं दिल्लीस दरबार भरवून त्याच आजीस 'कैसर-इ-हिंद' म्हणविलें, तें मात्र भूषण!

पुढें १९१७ सालीं पांचव्या जॉर्ज बादशहानें आपल्याच घराण्याचें साक्स-कोबुर्ग-गोथा हें जर्मन नांव टाकून विंडसर हें घेतलें. बॅटनबर्ग आप्त माउंटबॅटन झाले. रक्त तेंच, पाटी बदलली.

नांवाची ही तऱ्हा, तर चरित्राची काय असेल? विल्हेल्म साधु होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो उतावळा व गर्विष्ठ होताच. पण शत्रूनें लिहिलेलें चरित्र एका कानानें ऐकावें आणि दुसरा कान मोकळा ठेवावा. पोरांच्या हातीं इतिहासाचें बुक द्याल, तेव्हां एवढें शिकवा: नांव वाचलें कीं, तें कोणी लिहिलें, केव्हां लिहिलें, हें आधीं विचार.